दोन वाजून दहा मिनिटांनी

ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी मी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवायचो. त्या दिवशीही ठेवला. डबा गरम होता, पडदा काळा होता, पण आतला पंखा घुरघुरत होता. सकाळी नऊला मी स्वतः तो नीट बंद करून गेलो होतो.

“उज्ज्वला, कॉम्प्युटर कुणी लावला?”

“कुणी नाही,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “आपोआप लागतो तो. परवा सांगितलं की तुम्हाला.”

“आपोआप मिक्सर लागतो का आपल्याकडं? इस्त्री लागते?”

तिनं चहा आणून ठेवला आणि वह्या तपासायला बसली. मी चहा पीत तिच्याकडे बघत राहिलो. खोटं बोलणारा माणूस वह्या कशा तपासेल, याचा अंदाज घेत होतो.

ही २००४ सालची गोष्ट. मी सांगलीला पाटबंधारे खात्यात होतो, उज्ज्वला प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची शाळा सकाळची. साडेबाराला ती घरी यायची आणि मी सहाला. मुलगी शिकायला कोल्हापूरला मावशीकडे. म्हणजे साडेबारा ते सहा घरात उज्ज्वला एकटी, आणि तो कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर जुनाच होता. एक पतपेढी बंद पडली तेव्हा तिच्या सामानातून मी उचललेला. चालवायला घेतला की पाच मिनिटं विचार करायचा, पण चालायचा. दिवाळीनंतर त्यात मोडेम बसवून मी टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं, आणि जानेवारीत ही भानगड माझ्या लक्षात आली. बंद करून जावं, तर संध्याकाळी चालू.

मी मुळातच जळका माणूस. साठी उलटल्यावर हे सांगायला काही वाटत नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला साहेबांनी चहा विचारला तरी माझं डोकं फिरायचं. वडील गेल्यावर आईनं माझ्याकडे न येता विट्याला धाकट्याकडे राहायचं ठरवलं, तेव्हा तर मी त्या घराशी बोलणंच टाकलं. थोरला मी, फ्लॅट माझा, आणि ती राहणार सर्जेरावच्या दोन खोल्यांत. उज्ज्वलेलाही बजावलं होतं, तिथला फोन आला तर एक शब्द बोलायचा नाही. त्याला दोन वर्षं झाली होती. आणि आता डोक्यात मगदूम सर बसले होते.

शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली तेव्हा उज्ज्वला मगदूमांच्या क्लासला जायची. तीन महिने. घरी येऊन सांगायची, आज मगदूम सरांनी असं सांगितलं, आज मगदूम सर असं म्हणाले आणि आम्ही सगळ्या हसलो. माझ्या बोलण्यावर ती शेवटची कधी हसली होती हे मला आठवेना. परीक्षा झाली, ती पास झाली, क्लास संपला. पण आता दुपारी घरात कॉम्प्युटर लागत होता. लावायला कुणीतरी येत होतं, नाहीतर ती कुणाशी तरी त्यावर लिहून बोलत होती. मला तिसरी शक्यता दिसत नव्हती.

मी सापळे लावायला लागलो. पहिल्या दिवशी माऊसच्या शेपटीखाली पेन्सिलची खूण केली. संध्याकाळी माऊस जागच्या जागी आणि कॉम्प्युटर चालू. मी मनात म्हटलं, हुशार आहे, जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर चिमूटभर पावडर भुरभुरवली. संध्याकाळी कीबोर्ड लख्ख. तेवढ्यात उज्ज्वला म्हणाली, “कीबोर्डवर पावडर कुठनं आली हो? सगळी पुसून काढली मी.” आता ती पुसताना पुसली की वापरताना, हे कोण सांगणार?

“भिंतीवरचं बटण बंद करून जात जावा की,” ती म्हणाली. “मग कसा लागतोय बघू.”

एवढं सरळ होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण बटण बंद केलं असतं तर कॉम्प्युटर सुधारला असता, माझा संशय तसाच राहिला असता. मला कॉम्प्युटर बंद करायचा नव्हता. मला पकडायचं होतं.

“नाहीतर मगदूम सरांना दाखवू का?” ती सहज म्हणाली.

मी वरकरणी शांतपणे म्हणालो की मीच जाऊन घेऊन येतो. मला त्या माणसाला माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, तिच्यासमोर बसवून बघायचं होतं.

रविवारी सकाळी मगदूम आले. पस्तिशीचा बारीक माणूस, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि खोडरबर. ते आले तेव्हा उज्ज्वलेनं पदर सारखा केला, तो मी टिपला. ते ‘मॅडम, ओळखलं का’ म्हणाले, तेही टिपलं. चहा टाकायला ती आत गेली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं की नाही, एवढं मात्र नक्की सांगता येईना.

त्यांनी डबा उघडला. धूळ फुंकली. आतली एक पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासले आणि परत बसवली. चालू करायचं बटण आत अडकतंय का ते दहा वेळा दाबून बघितलं. मग कॉम्प्युटर सुरू केला, बंद केला. बंद झाला. परत सुरू, परत बंद. व्यवस्थित बंद झाला आणि बंदच राहिला. मी त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा होतो.

“बंद तर नीट होतोय,” ते म्हणाले. “म्हणजे कुणीतरी चालू करतंय.”

“तेच म्हणतोय मी,” मी म्हणालो.

“थांबा, त्यालाच विचारू.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कॉम्प्युटर आत नोंद ठेवतो, किती वाजता लागला, किती वाजता बंद झाला. मगदूमांनी ती यादी पडद्यावर काढली आणि खाली खाली जात राहिले. सोमवारी दोन वाजून अकरा मिनिटं. मंगळवारी दोन दहा. बुधवारी दोन अकरा. महिनाभर तेच. मी खुर्ची ओढून बसलो. त्याहून वाईट पुढं होतं. रविवारी नोंद नव्हती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नव्हती. सव्वीस जानेवारीला नव्हती. म्हणजे जो कोणी होता त्याला माझ्या सुट्ट्या पाठ होत्या.

“तुम्ही दोन वाजता कुठं असता?” मी विचारलं.

प्रश्नाचा रोख त्यांच्या लक्षात आला नाही. दोन ते चारची बॅच असते, म्हणाले, तीस जण, मान वर करायला मिळत नाही. मग मोडेमची तार हातात धरून त्यांनी विचारलं, हा प्रकार केव्हापासून आहे. मी म्हटलं, इंटरनेट घेतल्यानंतर. ते हसले. कॉम्प्युटर बंद केला, खिशातून मोबाईल काढला आणि आमच्या घरचा नंबर मागितला. तो त्यांना पाठ नव्हता, हे बघून मला बरं वाटलं.

टेबलावरचा फोन एकदा वाजला. त्यांनी लगेच कट केला. आणि डब्यातला पंखा घुरघुरायला लागला, दिवा लागला, कॉम्प्युटर उठला.

“एकच रिंग पुरते ह्याला,” मगदूम खूश होऊन म्हणाले. “जुन्या मशीनमध्ये तशी सोय असते, फोन आला की जागं व्हायची. तुमच्याकडं रोज दोन दहाला कुणाचातरी फोन येतोय, बाकी काही नाही. ते सेटिंग बंद करून टाकतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.”

“राहू दे,” मी म्हणालो.

“राहू दे?”

“राहू दे तसंच. मी बघतो.”

उज्ज्वला चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मगदूम डबा मिटत होते. काय झालं होतं, तिनं विचारलं. मी म्हणालो, धूळ होती. मगदूमांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला.

मगदूम सुटले, पण माझी काही सुटका झाली नाही. उलट आता चेहरा नसलेला माणूस तयार झाला होता. तो मला रात्रभर छळत होता. रोज फोन करणारा, माझ्या सुट्ट्या पाळणारा. ती त्याच्याशी किती वेळ बोलत असेल? माझ्याशी दिवसभरात भाजी आणि बिलं सोडून ती काय बोलायची?

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि पावणेदोनला घरी आलो. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. उज्ज्वला गडबडली. हे मी पाहिलं आणि माझी खात्री पटली. ती म्हणाली, आत जाऊन पडा, मी दार लोटून घेते. मी म्हणालो, इथंच बसतो. तिनं दोनदा घड्याळाकडे बघितलं. मग धुण्याचं निमित्त काढून मागं गेली, पण नळाचा आवाज येत नव्हता. ती दाराआड उभी होती.

दोन दहाला फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मी उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि लांबवर एसटीचा हॉर्न. महिनाभर मनात जे साचलं होतं ते सगळं बाहेर पडलं.

“कोण आहे ते मला कळलंय,” मी दातओठ खात, दबक्या आवाजात म्हणालो. “रोज रोज फोन करायला लाज वाटत नाही? दुसऱ्याच्या संसारात कशाला नाक खुपसायचं? ह्या घरात पुन्हा हा फोन वाजला तर माझ्याइतका वाईट माणूस नाही.”

मग एक बारीक, दमेकरी आवाज आला.

“बरं बाबा. न्हाई करत.”

आणि फोन ठेवला गेला.

तो आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. दोन वर्षं ऐकला नव्हता, पण त्याआधी चाळीस वर्षं ऐकला होता. माझ्या मागे कॉम्प्युटर सुरू होत होता.

उज्ज्वला धावत बाहेर आली. तिचे हात कोरडेच होते. “तुम्ही उचलला?” तिनं विचारलं.

“राँग नंबर होता. त्रास देतात साले,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग “असेल” म्हणाली आणि आत गेली. मी तेव्हाच विट्याची गाडी पकडायला हवी होती. बसस्टँड घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होता. मी गेलो नाही. लाज वाटली, हे खरं आहे. पण खोटं कशाला बोलू, त्या लाजेतही जळफळाट होता. आईचा फोन माझ्या घरी रोज येत होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

मंगळवारी मी सहाला घरी आलो, डब्याला हात लावला. गार. बुधवारी परत गार. जेवणाच्या वेळी उज्ज्वलेनं ताटं घेतली नव्हती. ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर फोन मांडीवर घेऊन बसली होती.

“तुम्हाला राग येऊ दे,” ती म्हणाली, “पण मी उद्या विट्याला जाणार. आत्यांची रिंग दोन दिवस आली नाही. दोन वर्षांत एकदा चुकली नाही. काहीतरी झालंय त्यांना.”

सासूला ती आत्या म्हणते. मग तिनं सगळं सांगितलं. आईला दमा. सर्जेराव सूतगिरणीत, त्याची बायको कामाला, दुपारी आई घरात एकटी. उज्ज्वलेनं शाळेतल्या एका विट्याच्या बाईंबरोबर निरोप धाडला होता, की जेवून, औषध घेऊन चौकातल्या बूथवर जायचं, एक रिंग द्यायची आणि ठेवायचा. इकडं उज्ज्वलेनं उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. रिंग आली म्हणजे आत्या बऱ्या आहेत. लागोपाठ दोन दिवस आली नाही तर उज्ज्वला जाणार. आणि कॅलेंडरात लाल दिवस किंवा दुसरा-चौथा शनिवार असेल तेव्हा द्यायची नाही, कारण अंकुश, म्हणजे मी, घरी असतो.

“मी सांगितलं होतं तुला, त्या घराशी बोलायचं नाही,” मी म्हणालो. एवढं होऊनही हेच निघालं माझ्या तोंडातून.

“बोलले कुठं?” ती म्हणाली. “दोन वर्षांत एक शब्द बोलले नाही. नुसती रिंग ऐकली.”

ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. आई बरी आहे, म्हणालो. सोमवारी तीच होती. मी काय काय बोललो तेही शब्दन् शब्द सांगितलं. उज्ज्वला ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. ती उठली, फोन टेबलावर ठेवला आणि पिशवीत दोन साड्या भरल्या. मला वाटलं, चालली ही, आता परत येत नाही. मी विचारलं, मी येऊ का. ती म्हणाली, “तुमची आई आहे. मी कोण नको म्हणणार?” पण साड्या तिनं दोन घेतल्या होत्या आणि माझा सदरा घेतला नव्हता.

सकाळच्या गाडीनं गेलो. सर्जेरावच्या दारात आई शेंगा फोडत बसली होती. वाळली होती फार. उज्ज्वलेला बघून तिचा चेहरा फुलला. मला बघून ती म्हणाली, “बस.” पाणी दिलं तेही लेक माहेरी आल्यावर देतात तसं, आधी उज्ज्वलेला आणि मग मला.

“रिंग का नाही दिली हो, आत्या?” उज्ज्वलेनं विचारलं. “जीव टांगणीला लागला माझा.”

“बूथवरचा फोन बिघडलाय बघ,” आई म्हणाली. “लायनीचं काम काढलंय म्हनं.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. शेंगा फोडत होती. उज्ज्वलेला खरं ठाऊक आहे हे तिला माहीत नव्हतं. ती मला सुनेसमोर झाकत होती. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. पाय धरायला हवे होते, चुकलो म्हणायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नसतं. तीन दिवस जे सलत होतं तेच मी विचारलं.

“मला का नाही कधी रिंग दिलीस? मी पोटचा ना? सुनेला रोज, आणि मला एकदा नाही?”

आईचा हात थांबला. तिच्या आवाजात राग नव्हता. घरात मीठ संपलंय हे सांगावं इतक्या सरळपणे ती बोलली.

“दिली हुती की. सगळ्यांच्या आधी तुलाच केला हुता फोन. तुझ्या हापिसात. मी आई बोलतीया म्हनलं, आन् तू ठेवलास. मग म्हनलं, ह्याला कशाला तरास.”

उज्ज्वलेनं माझ्याकडे बघितलं. हे तिला माहीत नव्हतं. तुम्हालाही मी सांगितलं नाही. विसरलो होतो म्हणून नव्हे. आईनं धाकट्याकडे राहायचं ठरवल्याला महिना झाला होता, फोन आला, आवाज ओळखला आणि मी शांतपणे खाली ठेवला. वर शेजारच्या टेबलाला सांगितलं, राँग नंबर. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, आणि घरी येऊन मी पोटभर जेवलो होतो.

मी तिच्या पायाशी बसलो. रडलो की नाही ते सांगत नाही. आई म्हणाली, “ऊठ, शेंगांवर बसलायस.” उज्ज्वला दोन दिवस तिथं राहिली, मी संध्याकाळी एकटा परतलो. घरी आलो, डब्यावर हात ठेवला, गार होता. ती परत येईल याची मला तेव्हा खात्री नव्हती. शनिवारी ती आली. आल्यावर तिनं पहिल्यांदा भिंतीवरचं बटण बंद केलं आणि म्हणाली, आता रिंगा नकोत, सरळ फोन करायचा, आणि तुम्ही करायचा.

तेव्हापासून मी रोज केला. आई गेली त्याला आता नऊ वर्षं झाली, ती जाईपर्यंत रोज. बूथवाला तिला हाक मारून आणायचा, पुढं सर्जेरावनं घरी फोन घेतला. मी विचारायचो, बरी आहेस का, औषध घेतलंस का, जेवलीस का. ती म्हणायची, हाय बरी, घेतलं, जेवले. मी अजून काही विचारायच्या आत म्हणायची, “उज्ज्वला हाय का? तिला दे जरा.”

मी फोन द्यायचो. मग त्या दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या. मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसायचो आणि त्या कशाला हसतायत ते ऐकायचा प्रयत्न करायचो.